चौऱ्याऐंशी पौंडांचा हात

मार्च महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम सत्तर पौंड, त्यावर वीस टक्के व्हॅट चौदा पौंड, एकूण चौऱ्याऐंशी. ठिकाण एडिनबरा, आमचं स्वयंपाकघर. हजर तिघं: डॉ. कमल रिसबूड, वय एकोणऐंशी, निवृत्त भूलतज्ज्ञ, माझी मुलगी ईशा, आणि मी. माझी बायको मेधा चहा ठेवून बाहेर गेली होती, म्हणून तिला हजर धरत नाही.

टेबलावर ईशाचा लॅपटॉप होता. स्क्रीनवर एक प्रश्न आणि त्याखाली दोन चौकोन. एका चौकोनात खूण केली तर चौऱ्याऐंशी पौंड भरायचे, दुसऱ्यात केली तर काहीच नाही. कमलताईंनी कोणत्या चौकोनात खूण केली ते मी पाहिलं. ती बरोबर होती की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी एका पेन्शन कंपनीत हिशेब तपासतो. एखादी गोष्ट जुळत नसेल तर ती का जुळत नाही हे शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. ही जुळत नाही, आणि का जुळत नाही तेही सापडत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

कमलताई आमच्याच इमारतीत, त्याच जिन्यावर राहायच्या, दोन मजले खाली. मूळच्या मिरजेच्या. या देशात आल्या त्या हॉस्पिटलच्या नोकरीवर, आणि निवृत्त झाल्या त्याही इथूनच. लग्न केलं नाही. "कमलकाकू" म्हटलेलं चालायचं नाही. काका नसताना काकू कुठून आली, असं विचारायच्या. म्हणून मी आणि मेधा ताई म्हणायचो आणि ईशा ताईआजी म्हणायची. अंगानं बारीक, आवाज खणखणीत, हिवाळ्यात साडीवर जाड लोकरी कोट आणि खाली पायमोजे.

त्यांची पहिली ओळख पटली ती चिठ्ठीवरून. आम्हा सात-आठ मराठी कुटुंबांचं महिन्यातून एकदा एकत्र जेवण असे, ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायचा. ताईंच्या डब्याच्या झाकणाला कायम एक चिठ्ठी चिकटवलेली. "भरली वांगी. कृती: सिस्टर शांता, मिरज. दाण्याचं कूट जास्त घालण्याची सूचना: मेधा. बिघडवली: मी." पहिल्यांदा आम्ही हसलो. चार-पाच महिन्यांनी लक्षात आलं की बाई गंमत करत नाहीत. कोणाची गोष्ट आपण वापरली तर त्याचं नाव घ्यायचं, हा त्यांचा नेम होता आणि तो त्या दात घासण्यासारखा पाळायच्या.

जिना पुसायची पाळी त्यांची असली की पायऱ्या चकचकीत व्हायच्या. कोणी कौतुक केलं तर, "व्हिनेगर घालायचं मिसेस बेनसनकडून शिकले." जिन्यातल्या जुन्या शेजारीण मिसेस बेनसन, त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. हवा कशी आहे विचारलं तरी, "पाऊस पडेल असं पोस्टमन म्हणाला." स्वतःहून त्या क्वचितच काही म्हणायच्या. त्यांच्या तोंडून सगळं जगच बोलत असे, नावगावासकट.

माझ्या पन्नाशीच्या समारंभात मी भाषण केलं. त्यात एक विनोद सांगितला, लोक हसले, मीही जरा फुललो. मागच्या रांगेतून ताईंचा आवाज आला, "हा विनोद माझ्या भावाचा आहे. नागपूरला रेल्वेत होता. दोन वर्षांपूर्वी मी तुला सांगितला." सगळे दुप्पट हसले. मी म्हटलं, ताई, विनोदाला कसला आलाय मालक? त्या म्हणाल्या, "तू त्यावर हशा मिळवलास ना? मग निदान नाव तरी घे." मी भाषण थांबवून त्यांच्या भावाचं नाव घेतलं. त्यांचे भाऊ तोपर्यंत वारलेले होते, हे मला नंतर कळलं.

अशा बाईवर चोरीचा ठपका आला.

त्याचं असं झालं. ताई तरुणपणी इथल्या एका हॉस्पिटलात डॉ. इर्विन म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होत्या. ऑपरेशननंतर पेशंटला किती दुखतंय हे विचारायची त्या दोघांची एक साधी रीत होती. हात दाखवायचा. मूठ म्हणजे दुखत नाही, पाचही बोटं म्हणजे सहन होत नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांना बोलवत नाही, त्यांच्यासाठी. डॉ. इर्विननी त्यावर तेव्हा लेख लिहिला होता. आता इतक्या वर्षांनी ती रीत कशी सुरू झाली, यावर ताईंनी एका वैद्यकीय नियतकालिकाला लेख पाठवला. हा आपला शेवटचा लेख, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. डॉ. इर्विनना लोक विसरले, ते पुन्हा छापून यावेत, एवढीच इच्छा.

फेब्रुवारीत संपादकांचं पत्र आलं. लेख सॉफ्टवेअरमधून तपासला, अडतीस टक्के मजकूर इतरत्र छापलेल्या मजकुराशी जुळतो, एक परिच्छेद तर डॉ. इर्विन यांच्या लेखातून शब्दशः घेतलेला दिसतो. चौदा दिवसांत खुलासा करावा. पत्रात प्लेजरिझम, म्हणजे वाङ्मयचोरी, हा शब्द एकदाच होता, तोही "शक्यता" या शब्दाशेजारी. पण ताईंनी तेवढाच वाचला.

त्या महिन्याच्या जेवणाला त्या आल्या. डब्यात मुगाची उसळ होती. झाकणावर चिठ्ठी नव्हती. मेधानं मला कोपरानं ढोसलं. जेवण झाल्यावर मी विचारलं तेव्हा त्यांनी पर्समधून घडी केलेलं पत्र काढून दिलं आणि म्हणाल्या, "तू आकड्यांचा माणूस आहेस. अडतीस टक्के चोर म्हणजे किती चोर, ते सांग."

मी पत्र घरी आणलं. ईशा विद्यापीठात रिसर्च ऑफिसात काम करते, असले रिपोर्ट रोज बघते. तिनं पूर्ण रिपोर्ट मागवून घेतला. मी प्रिंट काढून पेन्सिल घेऊन बसलो. शेवटच्या संदर्भयादीतली नावं जुळली म्हणून लाल झाली होती; ती वगळली. हॉस्पिटलचं लांबलचक नाव आठ वेळा आलं, आठही वेळा लाल, ते वगळलं. "ऑपरेशननंतर चोवीस तासांनी" असले तुकडे, जे कोणीही लिहील, तेही वगळले. अडतीसचे अकरा झाले. मला मोठाच विजय वाटला. ईशा म्हणाली, "बाबा, टक्का काहीच सांगत नाही. पाच टक्के असून पण चोरी असू शकते, चाळीस असून पण नसू शकते. कोणीतरी बसून वाचायला लागतं." म्हणजे आकडा आहे, पण त्याला अर्थ नाही. मग तो काढतात कशाला? मी पेन्सिल खाली ठेवली.

उरलेले अकरा टक्के सगळे एकाच परिच्छेदात होते. मी शब्द मोजले, दोनशे बारा. सुरुवातीला ताईंनी लिहिलं होतं की डॉ. इर्विन यांनी ही रीत अशी सांगितली आहे, आणि मग त्यांचे शब्द. तळाशी संदर्भही दिलेला. फक्त अवतरणचिन्हं नव्हती. त्यामुळे डॉ. इर्विन कुठे संपतात आणि ताई कुठे सुरू होतात, ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

रविवारी ताई वर आल्या. ईशानं तिला जमेल तशा मराठीत समजावलं. "ताईआजी, तुम्ही नाव दिला, ते चांगला केला. पण शब्द त्यांचे आहेत तर कोट्समध्ये पाहिजे. नाहीतर स्वतःच्या शब्दात लिहायचा, आणि तरी पण नाव द्यायचा."

"एकदा नाव घेतलं की पुढचं सगळं त्यांचंच," ताई म्हणाल्या. "दर ओळीला घंटा वाजवायची का? आम्हाला शाळेत व्याख्या लिहायला सांगायचे. एक शब्द बदलला की मार्क कापायचे. मोठ्या माणसाचं वाक्य आहे, त्याला हात लावायचा नाही."

"इथे उलटं आहे. इथे बदलला नाही तर मार्क कापतात."

"म्हणजे साडी चोरायची आणि रंगवून नेसायची."

"नाही ना! साडी कोणाची ते पण सांगायचं."

"सांगायचंच आहे, तर मग रंगवायची कशाला?"

ईशा माझ्याकडे बघायला लागली. मी चहा ओतायला लागलो. माझी खरी पंचाईत अशी की दोघींचंही मला पटत होतं. ईशाचं म्हणणं, वाचणाऱ्याला शब्द न् शब्द कोणाचा ते कळलं पाहिजे. ताईंचं म्हणणं, दुसऱ्याच्या वाक्याची तोडमोड करून ते आपलं म्हणून लिहिणं हीच लबाडी. दोघी एकाच प्रामाणिकपणाबद्दल भांडत होत्या.

शेवटी ताई अवतरणचिन्हांना कबूल झाल्या, कारण त्यात वाक्याला हात लागत नव्हता. संपादकांना पत्र लिहायचं ठरलं. त्यासाठी जुना परिच्छेद समोर हवा म्हणून ईशानं लायब्ररीतून डॉ. इर्विनच्या लेखाची प्रत आणली होती ती टेबलावर पसरली. पानाच्या मध्यभागी पंजाचं रेखाचित्र होतं, पाच बोटं, प्रत्येक बोटावर आकडा. पान खिडकीच्या वाऱ्यानं उडायला लागलं तसा ताईंनी त्यावर डावा हात ठेवला.

मी आकडे बघतो तसं बघत होतो. चित्रातली करंगळी वरच्या पेरापाशी आत वाकलेली होती. ताईंची करंगळीही तिथेच, तशीच आत वाकलेली. लहानपणी झोपाळ्याच्या कडीत सापडून मोडली होती, हे त्यांनी आम्हाला कधीतरी सांगितलं होतं.

"ताई, हा तुमचा हात आहे."

त्यांनी हात काढून घेतला. "कागदावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. वॉर्डात तेवढ्यात दुसरा कोणाचा हात रिकामा नव्हता."

ईशानं लेखावरचं नाव बघितलं. फक्त डॉ. इर्विन. खाली आभार मानलेले, त्यात वॉर्डातल्या सिस्टरचं आणि टाइप करणाऱ्या बाईंचं नाव. ताईंचं नव्हतं.

मग ईशानं विचारू नये ते विचारलं, हा परिच्छेद कोणी लिहिला? ताईंनी जे सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण मी ते त्याच दिवशी वहीत उतरवलं.

"ते बोलायचे, मी लिहून घ्यायची. पण ते अर्धंच वाक्य बोलायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. उरलेलं मी पुरं करायची. मी वाचून दाखवलं की म्हणायचे, हो, हेच मला म्हणायचं होतं. आता तूच सांग, ते वाक्य कोणाचं?"

मी वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं इर्विन, दुसऱ्यावर कमलताई. कल्पना इर्विनच्या रकान्यात. हात ताईंच्या. दोनशे बारा शब्द कुठे टाकायचे ते कळेना. अर्धे अर्धे करावेत तर एकशे सहा, पण कुठले एकशे सहा? त्या शब्दांची जागा अजून रिकामी आहे.

ईशा मात्र चिडली होती. तिच्या लेखी हिशेब साफ होता, चोरी झाली ती तेव्हाच झाली, आणि ताईंची झाली. आता उलट त्यांच्यावरच आळ. तिनं सांगितलं, संपादकांना सगळं लिहा, हाताचा फोटो पाठवा. ताई म्हणाल्या, "मी तेव्हा सहा महिन्यांच्या नोकरीवर होते. आपलंही नाव टाका म्हणायची पद्धत नव्हती, आणि मीही म्हटलं नाही. पुढे मला कायम नोकरी मिळाली ती त्यांच्या चिठ्ठीवर. तीन पानं लिहिली होती माझ्याबद्दल, स्वतःच्या हातानं. आता त्यांना लुबाडणारे म्हणू की नोकरी देणारे म्हणू? आणि ते उत्तर द्यायला आहेत का?"

संपादकांना त्यांनी तीन ओळी लिहिल्या. शब्द डॉ. इर्विन यांचे आहेत. अवतरणचिन्हं द्यायची राहिली, चूक माझी आहे. ती दिलेली प्रत सोबत जोडली आहे. बाकी काही नाही.

दहा दिवसांत उत्तर आलं. संपादकांनी स्वतः बसून वाचलं होतं, हे पत्रावरून दिसत होतं. चूक अनवधानानं झाली आहे, हेतूबद्दल शंका नाही, लेख घेऊ. फक्त एक राहिलं. पंजाचं चित्र जुन्या लेखातलं आहे, त्याचे हक्क त्या वेळच्या प्रकाशकाकडे आहेत, तेव्हा पुन्हा छापायची लेखी परवानगी आणावी.

असा तो मार्चमधला दुसरा शनिवार आला. परवानगी प्रकाशकाच्या वेबसाइटवर मिळत होती. ईशानं लेख शोधला, चित्राचा नंबर टाकला, कुठे छापणार ते टाकलं. मग तो प्रश्न आला. "आपण या मजकुराचे लेखक आहात का?" हो म्हटलं तर शुल्क शून्य. नाही म्हटलं तर सत्तर अधिक चौदा.

ईशा म्हणाली, "ताईआजी, हो करा. हात तुमचा आहे. खोटं नाहीये ते."

ताईंनी मला विचारलं, "श्रीकांत, तुझ्याकडे पावती नसलेला खर्च कोणी लावला तर तू धरतोस?"

मी म्हटलं, नाही धरत.

"माणूस खरं बोलत असला तरी?"

"तरी नाही धरता येत, ताई."

"मग झालं तर. लेखक कोण ते त्या कागदावर छापलंय. माझं नाव नाही. मी आज हो म्हटलं तर उद्या कोणीही उठून हो म्हणेल."

हे सगळं माझ्याच नियमानं चाललं होतं, आणि पहिल्यांदाच मला तो नियम चुकीचा वाटला. मी म्हणायला हवं होतं की ताई, पावती आहे, तुमच्या मनगटाला जोडलेली आहे. पण ते मला सुचलं तेव्हा त्या जिना उतरून गेल्या होत्या. त्यांनी "नाही"वर खूण केली होती, कार्डाचा नंबर स्वतः वाचून टाकला होता आणि डाव्या हातानं कप उचलून चहा संपवला होता. ईशा उठून तिच्या खोलीत गेली होती. जाताना ताई मला एवढंच म्हणाल्या, "तिला समजाव. आणि तुला समजलं तर मलाही सांग."

लेख उन्हाळ्यात छापून आला. ताईंनी त्याच्या आठ प्रती काढून महिन्याच्या जेवणाला वाटल्या. पंजाच्या चित्राखाली बारीक अक्षरात होतं, प्रकाशकाच्या परवानगीने पुनर्मुद्रित. मी भिंग घेऊन बघितलं, दुसरं कोणाचंही नाव नव्हतं. त्या दिवशी डब्यावर चिठ्ठी परत आली होती. "पुरणपोळी. कृती: आई. अवतरणचिन्हं: ईशा." ईशानं ती चिठ्ठी सोडवून घेतली. ती अजून तिच्या पाकिटात असते. ताईंचं वागणं तिला आजही पटत नाही.

जानेवारीत ताई जिन्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. उशीवर चेहरा एवढासा दिसत होता, भुलीचा अंमल पुरता उतरला नव्हता. नर्स आली, तरुण मुलगी, एडिनबरातलीच. ताईंना नीट बोलता येत नाही असं बघून तिनं त्यांच्यासमोर आपला पंजा धरला आणि विचारलं, किती दुखतंय? मूठ म्हणजे काही नाही, पाच म्हणजे खूप.

मी नर्सला विचारलं, ही रीत तुम्हाला कोणी शिकवली? ती म्हणाली, कोणी शिकवली असं नाही, सगळेच करतात.

ताईंनी चादरीतून डावा हात बाहेर काढला. तीन बोटं दाखवली. मग नर्सकडे बघून, सावकाश, इंग्रजीत म्हणाल्या की ही कल्पना डॉ. इर्विन यांची आहे. मग म्हणाल्या, "हात माझा आहे."

ती मुलगी गोड हसली, म्हणाली, हो तर, तुमचाच हात आहे, आणि तो उचलून तिनं चादरीखाली नीट ठेवला. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हेही मला कळलेलं नाही. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून फोन आला.

त्यांचे कागद आवरायचं काम माझ्याकडे आलं. एका पाकिटात डॉ. इर्विनची तीन पानांची चिठ्ठी होती. तिला टाचणीनं लावलेली एक पावती. भरलेली रक्कम चौऱ्याऐंशी पौंड. कोणाला, प्रकाशकाला. कशासाठी, एक चित्र, डावा हात, एकदा छापण्यापुरता.